चेक स्पीडवे रायडर जगज्जेता का होत नाही?

प्रश्न असा आहे: स्पीडवेच्या जुन्या निकालांत चेक नावं सारखी दिसतात, जावाचं इंजिनही त्यांचंच. मग वैयक्तिक जगज्जेतेपद एकाही चेक रायडरला का मिळालं नाही, आणि त्यांची कारकीर्द नेमकी चालते कशी? शिवाय प्रागला जाणं झालं तर हा खेळ कुठे बघावा?

मी मिथेनॉलवर चालणाऱ्या सिंगल-सिलिंडर इंजिनांचं काम करतो आणि या कामाच्या निमित्ताने चेक पिट्समध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात त्या जागेत, बराच वावरलो आहे. त्यामुळे उत्तर रायडरपेक्षा पिटच्या बाजूने येईल, हे आधीच सांगतो. थोडक्यात माझं मत असं: घरचं इंजिन जगात पहिलं होतं तेव्हा चेक रायडरला देशाबाहेर मोकळेपणाने जाता येत नव्हतं. बाहेर जायची मोकळीक मिळाली तेव्हा इंजिन इटलीचं आणि पैसा पोलंडचा झाला होता. गुणवत्तेचा दुष्काळ तिथे कधीच नव्हता.

आधी खेळ काय आहे ते बघू, कारण आपल्याकडे हा फारसा कुणी पाहिलेला नाही. लंबगोल सैल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. एक शर्यत, म्हणजे हीट, मिनिटभरात संपते. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. गाडी ५०० सीसीची, वजन किमान ७७ किलो, गिअर एकच आणि ब्रेक अजिबात नाही. ब्रेक नाही तर वळते कशी? वळण आलं की रायडर थ्रॉटल सोडत नाही, ठेवून देतो. मागचं चाक सैल मातीत फिरतं, गाडी आडवी सरकते, हँडल उजवीकडे वळलेलं आणि गाडी जाते डावीकडे. त्या सरकण्यातच वेग मरतो. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा असतो, तो जमिनीवर घासत जातो. सरळ भागात वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो, आणि बाजूचा भिडू हातभर अंतरावर.

इंधन शुद्ध मिथेनॉल. हा प्रकार लबाड आहे. उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही, म्हणून पिटमध्ये कुणी उगाच हात झटकायला लागला की आधी पाणी ओततात, चौकशी नंतर. ते हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटर खातं, त्यामुळे सामना संपल्यावर इंधनाची वाट मोकळी करून ठेवावी लागते. जुन्या रायडरांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेल असे, कारण ते मिथेनॉलमध्ये मिसळतं. तो जळका वास एकदा नाकात बसला की जात नाही.

आता जावाबद्दल. पुण्या-कोल्हापुरात जावा म्हटलं की म्हैसूरच्या आयडियल जावाची टू-स्ट्रोक २५० डोळ्यांपुढे येते. स्पीडवेच्या गाडीचा तिच्याशी नावापलीकडे फारसा संबंध नाही. रस्त्यावरच्या जावा चेकोस्लोव्हाकियात तीनेत्स नाद साझावोउ या गावी बनत. स्पीडवेचं फोर-स्ट्रोक इंजिन मात्र दिविशोव्ह नावाच्या लहानशा गावातलं. तिथे यारोस्लाव सिमांडल याने ‘एसो’ नावाने ही इंजिनं बनवायला सुरुवात केली. त्या काळी स्पीडवे म्हणजे ब्रिटिश ‘जॅप’ इंजिन, असं समीकरण होतं. १९६४ मध्ये एसो जावात विलीन झालं आणि दोनच वर्षांत, १९६६ ला, न्यूझीलंडच्या बॅरी ब्रिग्जने या इंजिनावर जगज्जेतेपद मिळवलं. त्याचाच देशबांधव आयव्हन मॉजर १९६८, १९६९ आणि १९७० असा सलग तीन वर्षं जिंकला. १९७१ ला डेन्मार्कचा ओले ओल्सन, १९७३ ला पोलंडचा येर्झी श्चाकिएल, १९७४ ला स्वीडनचा आंदेर्स मिशानेक. मॉजरची तिसऱ्या विजयाची गाडी तर चाहत्यांनी सोन्याचा मुलामा देऊन जपली. हे सगळे दिविशोव्हच्या इंजिनावर जिंकले, आणि या यादीत चेक एकही नाही.

प्रश्नाचं अर्धं उत्तर या यादीतच आहे. ब्रिग्ज, मॉजर, ओल्सन ही मंडळी इंग्लंडच्या लीगमध्ये आठवड्याला तीन-चार सामने खेळत होती, दर वेळी वेगळा ट्रॅक, वेगळी माती, वेगळे प्रतिस्पर्धी. स्पीडवेमध्ये सुरुवातीला रायडरांपुढे ताणलेली टेप उडाल्यापासून पहिल्या वळणापर्यंतचे दोन-तीन सेकंद निम्मी शर्यत ठरवतात. क्लच किती सोडायचा, कुठल्या गेटसमोर, म्हणजे सुरुवातीच्या जागेसमोर, माती ओली आहे, हे हजारो वेळा सुरुवात करूनच कळतं. त्या वर्षांत चेक रायडरला पश्चिमेत खेळायचं तर सरकारी परवानगी लागे. ती कधी मिळे, कधी मिळत नसे, आणि मिळाली तरी देशाच्या संघाचं वेळापत्रक आधी. वात्स्लाव वेर्नर इंग्लंडमध्ये एक्सेटरकडून खेळला, यिर्जी श्टान्त्सलही इंग्लिश लीगमध्ये गेला. १९४९ चा जन्म असलेला हा श्टान्त्सल अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला आणि जागतिक अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा पोहोचला. माझ्या मते त्या पिढीतला सर्वांत पूर्ण रायडर तोच. पण जागतिक अंतिम फेरी तेव्हा एका रात्रीची असे. सोळा जण, प्रत्येकाच्या पाच हीट, पंधरापैकी गुण. एक सुरुवात चुकली की वर्ष गेलं.

सांघिक निकाल बघितले तर गुणवत्तेविषयी शंका उरत नाही. १९६३ मध्ये व्हिएन्नाला चेकोस्लोव्हाकियाने जागतिक सांघिक स्पर्धेत रौप्य घेतलं, ब्रिटन आणि पोलंड दोघांच्या पुढे. बर्फावरच्या स्पीडवेत तर दोन वैयक्तिक जगज्जेते आहेत: १९७० ला आंतोनीन श्वाब आणि १९७४ ला मिलान श्पिंका. तेव्हा बर्फावर सोव्हिएत रायडरांचं राज्य होतं, कादिरोव्ह आणि मग ताराबान्को. त्यांच्या रांगेत मधेच घुसणारे हे दोनच चेक. लोक हे विसरतात याचं मला नवल वाटतं, कारण टायरला इंचभर लांबीचे पोलादी खिळे लावून बर्फावर गाडी आडवी पाडणं हे काही सोपं काम नव्हे. आणि बघा, बर्फाच्या स्पर्धेत इंग्लिश लीगचा प्रश्नच नव्हता. तिथे सगळे सारख्याच थंडीत सराव करत होते.

त्या जुन्या पिढीबद्दल बोलताना लुबोश तोमीचेकचं नाव घ्यावंच लागतं. पन्नास-साठच्या दशकातला हा चेक स्पीडवेचा चेहरा. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये पार्दुबित्सेच्या ‘झ्लाता पर्झिल्बा’ शर्यतीत, म्हणजे सोनेरी हेल्मेटच्या शर्यतीत, अपघातात तो गेला. प्रागच्या मार्केता स्टेडियमवर त्याच्या स्मरणार्थ शर्यत होते. त्याचा नातू, त्याच नावाचा, पुढे इंग्लंडच्या लीगमध्ये खेळला. चेक स्पीडवेत घराणी चालतात. कास्पर बाप-लेक, द्रिमल बाप आणि दोन मुलगे, मिलीक बाप-लेक. यात कौतुकापेक्षा व्यवहार जास्त आहे. घरात व्हॅन असते, गॅरेज असतं, जुनी इंजिनं असतात, आणि गॅस्केट कसं बसवायचं हे पोराला दहाव्या वर्षी येत असतं. बाहेरच्या मुलाला हे सगळं विकत घ्यावं लागतं.

आता माझ्या मुद्द्याचा गाभा. एकवीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत दोन चेक विजेते आहेत. १९८२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या पॉकिंगला आंतोनीन कास्पर (तेव्हा ही स्पर्धा युरोपियन ज्युनियर नावाने होई) आणि बरोबर वीस वर्षांनी, २००२ ला, घरच्या स्लानीच्या ट्रॅकवर लुकाश द्रिमल. याच यादीतली इतर नावं घ्या. १९८५ चा विजेता पेर योनसन १९९० ला जगज्जेता झाला. १९८७ चा गॅरी हॅवलॉक १९९२ ला. १९९५ चा जेसन क्रम्प २००४, २००६ आणि २००९ असा तीनदा. २०१५ चा बार्तोश झ्मार्झलिक २०१९ पासून पुन्हा पुन्हा. द्रिमलच्या पाठोपाठ २००३ ला जिंकला तो पोलंडचा यारोस्लाव हाम्पेल, आणि त्याने पुढे २०१० व २०१३ ला जागतिक रौप्य मिळवलं.

द्रिमल आणि हाम्पेल एकविशीत एकाच पायरीवर उभे होते. पुढे फरक कशाने पडला? दुखापती, नशीब, स्वभाव हे सगळं असतंच, आणि एका रायडरच्या बाबतीत कोणतं कारण किती हे बाहेरून सांगणं उद्धटपणाचं ठरेल. पण रचनेतला फरक डोळ्यांना दिसतो. पोलंडच्या लीगमध्ये प्रत्येक संघाला पोलिश ज्युनियर खेळवावेच लागतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोलिश मुलाला दर रविवारी, भरलेल्या स्टेडियमसमोर, जगातल्या उत्तम रायडरांविरुद्ध हीट मिळतात. तो वाईट खेळला तरी पुढच्या रविवारी जागा असते. त्याच वयाच्या चेक मुलासाठी अशी राखीव खुर्ची नाही. त्याला परदेशी म्हणून थेट मोठ्यांच्या जागेसाठी झगडावं लागतं, आणि दोन सामने बिघडले की संघ दुसरा शोधतो. घरी चेक एक्स्ट्रालीग आहे: पार्दुबित्से, प्राग, प्लझेन, स्लानी, ब्रेझोलुपी अशा ठिकाणी चांगले ट्रॅक आहेत, जाणकार माणसं आहेत. पैसा नाही. त्या लीगवर कुणाचं पोट भरत नाही.

म्हणून व्यावसायिक चेक रायडर वर्षभर करतो काय, तर प्रवास. स्वीडिश लीग साधारण मंगळवारी, डॅनिश बुधवारी, पोलंडची शुक्रवार ते रविवार. दोन मेकॅनिक, एक व्हॅन, मागे दोन-तीन गाड्या आणि सुट्या इंजिनांच्या पेट्या. रात्रीची फेरीबोट गाठायची, सकाळी गाडी धुवायची, संध्याकाळी टेपसमोर उभं राहायचं. चेक रायडरचं नशीब एवढंच की पोलंड दाराशी आहे. पार्दुबित्सेहून व्रोत्स्वाव जेमतेम दोनशे किलोमीटर, म्हणजे आपलं पुणे-नाशिक. भाषाही इतकी जवळची की महिन्या-दोन महिन्यांत पिटमधल्या शिव्या आणि विनोद दोन्ही समजायला लागतात.

मिळकतीचं गणित बाहेरच्यांना बहुधा माहीत नसतं. पोलंडमध्ये करार करताना काही रक्कम हातात येते आणि मग प्रत्येक गुणामागे पैसे. म्हणजे शून्य आलं की त्या हीटची कमाई शून्य, पण टायर झिजला, क्लचच्या प्लेट गेल्या, इंजिनाचे तास वाढले. मेकॅनिकचा पगार, डिझेल, फेरीबोटीचं तिकीट, इंजिन जुळवून देणाऱ्या ट्यूनरचं बिल हे सगळं रायडरच्या खिशातून. तो खेळाडू आहेच, पण त्याहून जास्त तो एका छोट्या कारखान्याचा मालक आहे. चांगल्या वर्षी ही साखळी छान फिरते: गुण आले, पैसे आले, नवं इंजिन घेतलं, आणखी गुण आले. जुलैमध्ये खांद्याचं हाड मोडलं की तीच साखळी उलटी फिरते, आणि जो मुलगा बरा होऊन सप्टेंबरमध्ये परततो त्याच्याकडे मागच्या वर्षीची इंजिनं असतात.

इंजिनाबद्दल थोडं जास्त बोलतो, तो माझा प्रांत आहे. १९७६ ला पीटर कॉलिन्स चार व्हॉल्व्हच्या ब्रिटिश वेस्लेक इंजिनावर जिंकला आणि दोन व्हॉल्व्हच्या जावाचा काळ संपला. दिविशोव्हनेही चार व्हॉल्व्हचं इंजिन काढलं, पुढे इंजिन फ्रेममध्ये आडवं बसवण्याची पद्धत आली तेव्हाही ते मागे नव्हते. पण हळूहळू इटलीच्या ज्युझेप्पे मार्झोत्तोच्या जीएम इंजिनाने बाजार व्यापला. आज कारखान्यातून आलेलं इंजिन म्हणजे फक्त कच्चा माल. खरं काम ट्यूनर करतो: कॅमचा आकार, हेडमधल्या वाटा, कॉम्प्रेशन, क्रँकचा तोल. पोलंडच्या तोरुनमधल्या रिशार्द कोवाल्स्कीसारख्या ट्यूनरकडे रांग असते, आणि त्या रांगेत पुढे कोण हे निकालावर ठरतं. दोन इंजिनं एकाच नंबरची, एकाच दिवशी तयार झालेली, तरी एक ओल्या ट्रॅकवर ओढतं आणि दुसरं कोरड्यावर. ज्या रायडरकडे अशी चार-पाच इंजिनं आहेत तो ट्रॅकवर पाय आपटून बघतो आणि निवडतो. ज्याच्याकडे दोन आहेत तो मागचं स्प्रॉकेट बदलतो आणि देवाचं नाव घेतो. गिअर एकच असल्यामुळे त्या स्प्रॉकेटचा एक दात इकडचा तिकडे झाला तरी सुरुवात आणि सरळ भागातला वेग दोन्ही बदलतात. हीटनंतर हीट मेकॅनिक आणि रायडर जे कुजबुजत असतात ते बहुतेक वेळा याच दाताबद्दल.

अलीकडच्यांपैकी वात्स्लाव मिलीक, १९९३ चा जन्म, हा मला या सगळ्या मर्यादांचा आणि त्यातून काय साधता येतं याचा सर्वांत चांगला नमुना वाटतो. वडीलही रायडर, नावही तेच. व्रोत्स्वावच्या स्पार्ताकडून तो पोलंडच्या वरच्या लीगमध्ये खेळला. २०१६ च्या युरोपियन स्पर्धेत तो दुसरा आला, पहिला होता तीन वेळचा जगज्जेता निकी पेडरसन. पुढच्या वर्षी तिसरा. ही स्पर्धा एका रात्रीची नाही, अनेक फेऱ्यांची मालिका आहे. तिथे नशिबाने कुणी पदक घेऊन जात नाही. नंतर क्रोस्नोसारख्या लहान शहराच्या संघाकडून खेळणं म्हणजे घसरण, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वयाच्या तिशीत खालच्या लीगमध्ये संघाचा मुख्य रायडर होऊन दर सामन्याला पाच-सहा हीट खेळणं हे वरच्या लीगमध्ये बाकावर बसण्यापेक्षा व्यवहारानेही शहाणपणाचं आहे आणि खेळानेही.

त्याच्या पुढचा यान क्व्येख, २००१ चा. इथे नियम बदलल्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. २०२१ पासून पोलंडच्या एक्स्ट्रालीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, प्रत्येक संघाला चोवीस वर्षांखालचा एक रायडर ठेवावा लागतो, आणि त्या जागेसाठी तो पोलिशच हवा असं नाही. म्हणजे एकवीस ते चोवीस या वयात, जिथे आधी चेक मुलं गळून जात, तिथे आता एक पायरी आली. क्व्येख २०२४ मध्ये ग्रांप्रीचा, म्हणजे आता जगज्जेतेपद जिथे ठरतं त्या मालिकेचा, कायम रायडर झाला आणि २०२५ ला तोरुनकडून खेळला. तो जगज्जेता होईल का? अवघड आहे. झ्मार्झलिक अजून भरात आहे आणि क्व्येखची सुरुवात, म्हणजे टेपपासून पहिल्या वळणापर्यंतचा भाग, त्या पातळीला सातत्याने पोहोचलेली मला दिसत नाही. पण ती राखीव जागा त्याच्या वयाबरोबर संपते. त्यानंतरच्या दोन-तीन हंगामांत कुठला संघ त्याला मोठ्यांच्या जागेवर घेतो, त्यावरून खरं कळेल. शेजारच्या स्लोव्हाकियात ट्रॅक म्हणायला झार्नोव्हित्सा, आणि तिथला मार्तिन वात्सुलीक ग्रांप्री जिंकलेला आहे. तेव्हा देश लहान हे कारण पुरेसं नाही.

आता बघायला कुठे जायचं. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. प्रागमध्ये मार्केता स्टेडियम ब्रेव्हनोव्ह भागात आहे, जुन्या मठाच्या शेजारी, शहरातून ट्रामने जाता येतं. ग्रांप्री तिथे १९९७ पासून होत आली आहे, अलीकडे मेअखेर-जूनच्या सुमारास. तिकीट आधी काढा, कारण स्टेडियम लहान आहे आणि पोलंडहून बसेस भरून लोक येतात. पण एकच शर्यत बघता येणार असेल तर मी पार्दुबित्सेची सोनेरी हेल्मेट सुचवेन, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. १९२९ मध्ये ती सुरू झाली आणि पहिला विजेता झ्देन्येक पोल. सुरुवातीला ती घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर होई, १९६० च्या दशकात स्पीडवेच्या ट्रॅकवर आली. तिची खासियत अशी की इथे चारऐवजी सहा रायडर एकत्र सुटतात. पहिल्या वळणावर सहा गाड्या आडव्या होताना काय होतं ते टीव्हीवर कळत नाही. प्रागहून रेल्वेने तासाभरात पोहोचता. पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहणार असाल तर चष्मा लावा, पांढरे कपडे घालू नका, आणि खायला घेतलेलं सॉसेज हीट सुरू असताना कागदात झाकून ठेवा. मातीचा फवारा पहिल्या चार-पाच रांगांपर्यंत येतो. हीट संपल्या की पिटच्या कुंपणाशी जा. रायडर भेटतात, सही देतात, आणि इंजिन उघडलेलं दिसलं तर मेकॅनिकला प्रश्न विचारायला लाजू नका. गडबडीत नसेल तर तो नक्की सांगेल.